शय्येची गोधडी

१२ जानेवारी १९६५

आली. टांग्यातून उतरली, आपल्या हाताने पेटी आणि वळकटी उतरवली आणि टांगेवाल्याशी भांडायला लागली, तेही मराठीत. "टेसनापासून एवढं? लुटू राह्यला का बापा?" अख्खी गल्ली दारात. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. उठलेच नाही.

वसंतभाऊजी म्हणाले, "वहिनी, ही रेहेमा. दादाची..." पुढचा शब्द त्यांच्या तोंडातून निघेना. मीच म्हटलं, "कळलं."

गेल्या चैत्रात झांजिबारहून तार आली होती, हे तापाने गेले म्हणून. तिकडे दंगे चाललेले, औषध मिळालं नाही. मी बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं, रडले. इतक्या वर्षांत दोनदा घरी आलेल्या माणसासाठी जेवढं रडता येतं त्याहून जास्तच रडले. आता कळतंय की तिकडे ह्यांचं दुसरं घर होतं, आणि त्या घरात एक बाई माझ्यासारखीच रडत होती.

काळी म्हणावी तर मीही काही गोरी नाही. उंच आहे. डोळा वर करून बघते. धर्म विचारला नाही. विचारलं की उत्तर ऐकावं लागतं.

१३ जानेवारी

भाऊजींनी तिला ह्यांच्या खोलीत उतरवलं. म्हणजे माझ्या खोलीत! मधे लुगड्याचा पडदा.

ती बाईमाणसासारखं बोलत नाही. "मी येतो, मी जेवतो, मी झोपू राह्यलो." मराठी ह्यांच्याकडून शिकली ना, मग दुसरं काय येणार. पडद्याआडून ऐकलं की अंगावर काटा येतो. बोलणं ह्यांचं, गळा तिचा.

आणि नाव घेते. खुशाल. "वामन असं म्हनायचा, वामनले हे आवडायचं." मी उखाण्यात एकदा घेतलं, लग्नात, त्यानंतर आजतागायत नाही.

मला 'दादा' म्हणते. त्यांच्याकडे बहिणीला दादा म्हणतात म्हणे. मी म्हटलं, मला काहीच म्हणू नकोस.

१९ जानेवारी

भाऊजी आज समजावायला आले. "तिथं राहणं मुश्किल झालं तिचं. आली बिचारी. आपल्याला तरी कोणी विचारलं होतं वहिनी? नकाशावर रेघ मारली आणि आपण मध्य प्रदेशात. राहतोच ना?"

रेघ मारल्यामुळे सवत घरात येत नाही, म्हटलं. उठून गेले.

२४ जानेवारी

पेटी उघडली तिने. मला वाटलं ह्यांची काही वस्तू निघेल. घड्याळ, चष्मा, काही. निघाले ते नुसते कपडे, बायकी, भडक. लाल, पिवळे, निळे. त्याला कांगा म्हणतात. जोडी असते, एक कमरेला, एक डोक्यावरून. चारी बाजूंनी जाड किनार, मधे मोठी नक्षी, आणि खाली एक ओळ छापलेली. कोयरीला ती काजू म्हणते. कोयरीच आहे ती, दिसत नाही का?

शेजारच्या आशाबाईला तर काय, तमाशाच मिळाला. येऊन बसली. "हे काय लिहिलं आहे व?" रेहेमा बोट ठेवून वाचते आणि मराठीत सांगते. प्रत्येक कांग्यावर एक बोल. तिकडे म्हणे बायका तोंडाने भांडत नाहीत, जो बोल सुनवायचा तो कांगा नेसून समोरून जातात. आशाबाई हसून हसून लोटपोट.

मी एका कांग्याची किनार उलटून पाहिली. कोपऱ्यात बारीक अक्षरात मुंबईच्या गिरणीचा शिक्का. मोठ्याने वाचला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. आफ्रिकेचं म्हणून मिरवतेस आणि मुंबईत छापलेलं?

ती म्हणाली, "छापलं कुठं ते कोन पाह्यते, दादा? नेसलं कोनी, ते पाहा."

आशाबाईने मान हलवली. आशाबाईला अक्कल कधीच नव्हती.

२ फेब्रुवारी

अंगणात सतरंजी पसरून ती गोधडी शिवायला बसली आहे. कांगे कात्रीने कापते, तुकडे मांडते, पुन्हा उचलते. चांगले धड कपडे! गोधडी जुनेराची असते एवढंही ह्यांनी शिकवलं नाही का?

प्रत्येक तुकड्याची गोष्ट आहे. हा आईचा, आई मेली तेव्हा अंगावर होता. हा वामन पहिल्या तापातून उठला तेव्हा घेतलेला. हा बेट स्वतंत्र झालं तेव्हाचा, त्याच्यावर तारीख छापलेली. "झेंडा महिनाभरच टिकला. कांगा टिकला." गल्लीतल्या पोरी घेर करून ऐकतात. म्हणते, आमच्याकडे बाईचं सगळं आयुष्य कांग्यात असतं, वाचणारा पाहिजे.

मग मी अडाणी बरी.

३ फेब्रुवारी

तिने वाळत घातलेला कांगा बरोबर माझ्या चुलीसमोर. छापलेली ओळ माझ्याकडे. विचारायचं नव्हतं, पण विचारलंच. काय लिहिलंय?

"तू बोलत राहा, मी जेवत राहतो."

संध्याकाळी तिच्या पानात भाकरी वाढली ती करपलेली. जेवली. दुसरी मागितली.

१० फेब्रुवारी

आज पंडितकाका आले. ह्यांचे चुलते, घरात त्यांचाच शब्द चालतो. चैत्रात वर्षश्राद्ध आहे. त्याची बोलणी.

आमच्याकडे वर्षाच्या दिवशी बाहेरच्या एका वडीलधाऱ्याला पितर म्हणून पाटावर बसवतात. जेवू घालतात आणि शय्या देतात — खाट, उशी, छत्री, जोडा, गोधडी. गोधडी शक्यतो गेलेल्या माणसाच्या कपड्यांची, पण त्याच्या बायकोच्या हातचीच लागते. ती त्या पितराच्या घरी जाते. परत मागायची नाही. फोपनारचे शालिग्राम बसणार आहेत ह्यांच्या जागी.

भाऊजींनी भीतभीत विचारलं, की दोघी आहेत, तर कसं? काका तंबाखू मळत होते. म्हणाले, "त्यात काय एवढं? जिच्या हातची गोधडी शय्येवर पडीन, ती वामनची बायको. खोली तिची. दुसरीनं आपला रस्ता पाहावा. बात खतम."

रेहेमाची मावसबहीण मुंबईला आली आहे, डोंगरीला, बोटीने. तिला तिकडे जाता येईल. मी कुठे जाऊ? धूलकोटला भाऊ आहे. भावजयीच्या दारात, पंचेचाळिशीत, वळकटी घेऊन? मेले तरी जाणार नाही.

गोधडी माझीच पडणार. अंगणात सुरू आहेच तिची. मी उद्या बसते.

११ फेब्रुवारी

माझ्या पेटीत ह्यांचं काय आहे: धोतरं, सदरे, एक काळा कोट, मफलर, लग्नातला फेटा. दर दिवाळीला उन्हात घालून परत ठेवत आले. आज दोन धोतरं आणि एक फाटका सदरा काढला. बाकीचं राहू दे. एवढ्यात होईल.

२६ फेब्रुवारी

तिची गोधडी माझ्या दीडपट झाली आहे. धाकटी जाऊ अलका आज माझ्यादेखत म्हणाली, "बाई, त्यांची किती खुलली नाही? तुमची जरा..." आणि थांबली. जरा काय? पांढऱ्यावर पांढरं, हेच ना? धोतराची गोधडी आणखी कशी दिसणार?

बाकीचे सदरे काढले.

८ मार्च

कोट कापला. कात्री चालेना, एवढं जाड कापड. हाच घालून हे मामलेदाराकडे गेले होते, बाहेर पडताना मला विचारलं होतं, बरा दिसतो का? मी पदराआड हसले होते. तेवढंच उत्तर दिलं.

रेहेमा पडदा सारून उभी. "सगळं नको कापू, दादा. एक तरी ठेव."

"मला शिकवू नकोस," म्हटलं. "तुला तर ठेवायला काही आणताच आलं नाही त्यांचं."

ती गेली. मग मी मफलरही कापला आणि फेटाही. लाल फेट्याची किनार लावली चारी बाजूंनी. आता कोणी म्हणू दे फिकी.

१७ मार्च

आज रेहेमा अलकाबरोबर नदीला, राजघाटावर कपडे धुवायला गेली. मी तिची गोधडी ओढून घेतली. एवढी जड कशी? कांग्याचं कापड तर पातळ. ह्यांचे कपडे आत लपवले असणार, नक्की. ते माझे आहेत. एका कडेचे टाके उसवले.

आत माझी गोधडी.

माझी. लग्नातल्या हिरव्या लुगड्याची, चौकटीत चौकट, आईने शिकवलेली वीण. हे पहिल्यांदा बोटीवर चढले तेव्हा मी दिलेली. आमच्यात जुनी गोधडी टाकत नाहीत, नवीच्या पोटात घालतात. तिने वळकटीतून काढून पडद्याआड घातली.

आणि हे मला काय म्हणाले होते? "बोटीवर चोरीला गेली." मी म्हटलं होतं, जाऊ द्या, दुसरी शिवीन. तिच्या पलंगावर होती ती! वर्षानुवर्षं दोघं माझ्या टाक्यांखाली झोपले.

कड जशीच्या तशी शिवून ठेवली.  बोलले असते तर काय बोलले असते कोणास ठाऊक. दिवसभर दात दुखताहेत, आवळून धरलेले.

१८ मार्च

खोटारडा. लिहिलं. नवऱ्याला लिहिलं. नरकात जाईन तर जाईन, तिथे भेटतीलच.

२ एप्रिल

गोधडी पुरी झाली. शेवटच्या कोपऱ्यात भाकरीचा तुकडा घातला आणि कोपरा बंद केला, गोधडी उपाशी राहू नये म्हणून. पेटी रिकामी. तळाला डांबराच्या गोळ्या तेवढ्या.

रेहेमाचीही आजच झाली. तिनेही भाकरी मागितली कोपऱ्यासाठी. ते मात्र ह्यांनी शिकवलेलं दिसतं. दिली. ताजी दिली, गोधडीशी माझं वैर नाही.

२० एप्रिल

वर्षश्राद्ध झालं.

शालिग्राम पाटावर बसले. पुरणपोळ्या हाणल्या. खाट मांडली, उशी, छत्री, जोडा. पंडितकाका म्हणाले, "आना आपापली गोधडी." मी माझी आणली, घडी करून, लाल किनार वर.  

रेहेमा मोकळ्या हाताने उभी.

"तुह्यी कुठं आहे व?"

"माह्यी नाही देनार."

"नाही देनार?"

"वामनचं पांघरून परक्या मानसाले देऊ? मी येडा आहे का?" आणि सगळ्यांना सोडून माझ्याकडे पाहिलं. "तो मेला, मी थोडीच मेलो? मले थंडी वाजत नाही?"

बायका तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. काका म्हणाले, "मंग ठरलं." माझी गोधडी शय्येवर पसरली. मी हळदकुंकू वाहायला पुढे झाले, आशाबाईने हात धरून मागे ओढलं. विधवेने कुंकवाला हात लावायचा नसतो. जिंकले त्या आनंदात विसरले होते.

वामनची बायको मी. खोली माझी. लेखी नाही, पण काकांचा शब्द म्हणजे तेच.

२० एप्रिल, दुपारी

पुन्हा लिहायला बसले. शालिग्रामांची बैलगाडी निघाली. केळीची पानं भरली होती, त्यावर खाट उलटी, खाटेत गोधडी. कोट, मफलर, फेटा, धोतरं, सगळे सदरे. गाडी कोपऱ्यावर वळताना लाल किनार तेवढी दिसली. तोवर मला कळलंच नव्हतं, की मी त्यांचं सगळं देऊन टाकलं. दुसरीला हरवायचं म्हणून शिवत गेले, कापत गेले, आणि द्यायचंय हे डोक्यातच नव्हतं. आत येऊन पेटी उघडली. काय बघायला उघडली?

वामन गेले. लिहिलं नाव. तार आली तेव्हा नव्हते गेले, आज गेले.

पडद्यापलीकडे ती गोधडी पांघरून पडली आहे. ह्या उन्हाळ्यात! मुद्दाम.

२६ एप्रिल

भाऊजी फोपनारला गेले होते. सांगायचं नव्हतं त्यांना, अलकाने काढून घेतलं. शालिग्रामांनी गोधडी शेतात नेली आहे. तोडलेल्या घडांना ऊन लागू नये म्हणून वर टाकतात. केळीचा चीक पडला आहे म्हणे कोटाच्या भागावर. चीक धुऊन निघत नाही.

परत मागायची नाही, हा आमचाच रिवाज. मीच सगळ्यांना ठासून सांगत होते.

रेहेमाचं मुंबईचं तिकीट काढलं. गुरुवारची गाडी.  ती पेटी भरू राह्यली. हे बघा, मीही तिच्यासारखं लिहायला लागले!

२८ एप्रिल

मी जे केलं ते लिहून ठेवते, देवाला विचारायची वेळ आली तर विसरले म्हणायला नको.

सकाळी ती आशाबाईकडे निरोपाला गेली. मी दार लावलं. तिच्या गोधडीच्या तीन कडा उसवल्या आणि माझी गोधडी आतून ओढून काढली. काय राहिलं होतं तिचं? हिरवा रंग नावाला. जागोजाग ठिगळं, आणि त्या ठिगळांचे टाके बोटाच्या पेराएवढे लांब, तिरके, दोनदा गाठ मारलेले. रेहेमाचा टाका मला आता डोळे मिटून ओळखता येतो. हा तिचा नाही. चांभार चपलेचा अंगठा शिवतो तसा, पुरुषी. ह्यांचा. माझी गोधडी फाटली की हे स्वतः शिवत बसायचे. तिला हात लावू दिला नाही की तिने लावला नाही, देव जाणे. खोटारड्याला एवढी तरी लाज होती. मी रडले, आणि रडता रडता सुई ओवली, कारण ती परत यायच्या आत भरायची होती.

आत माझी दोन जुनेरं भरली, पांढरी. नक्षी तशीच ठेवली, टाके तिच्यासारखे बारीक घातले. तिच्या आईच्या कांग्याला सुरकुती पडली ती नखाने दाबून सरळ केली. कोपऱ्यात सवयीने भाकरी घातली. चोरी तर चोरी, पण गोधडी उपाशी कशाला.

२९ एप्रिल

स्टेशनवर मीही गेले. लोक काय म्हणतील म्हणून नाही, तिने गोधडी उघडून पाहू नये म्हणून. गाडी आली. भाऊजींनी पेटी चढवली. वळकटी मी तिच्या हातात दिली.

तिने ती दोन्ही हातांवर घेतली. जरा वर उचलली, खाली केली. माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"हलकी झाली, दादा."

म्हटलं, उन्हात घातली होती.

"हो," म्हणाली. चढली. खिडकीशी बसली, गाडी हलली तरी डोळे काढले नाहीत माझ्यावरून. मीही नाही काढले. हरामखोर बाई. ओरडली असती, झिंज्या धरल्या असत्या तर बरं झालं असतं.

३० एप्रिल

खोलीतला पडदा काढला. खोली मोठी दिसते.

जुनी गोधडी अंगावर घेतली. उकाडा मरणाचा, तरी घेतली.

४ मे

अक्षय्यतृतीया, आमची आखाजी. झोका बांधला पोरींनी, गाणी चालू आहेत. मी आतच.

गोधडीला ह्यांचा वास असेल असं वाटलं होतं. नाही. रोज नाकाशी धरून बघते, कुठल्याच कोपऱ्यात नाही. लवंगेचा आहे, आणि खोबरेलाचा. रेहेमाच्या केसांना यायचा तोच. तो नाकात गेला की मला झोप लागते.

आशाबाई विचारत होती, तुमच्या दादा म्हणणारीची खबर काय. मी म्हटलं, मला काय ठाऊक.

९ मे

भाऊजींना विचारलं, मुंबईची गाडी किती वाजता असते.

"कशाला, वहिनी?"

म्हटलं, तिकडे पाऊस फार. दोन जुनेरांच्या गोधडीत ती पावसाळा कसा काढेल?